मागच्या खोलीतली तीन सॉकेट

मागच्या खोलीत तीन सॉकेट बसवायची, एवढंच काम होतं. मिलिमीटररावांनी ते कागदावर मांडलं तेव्हा साडेतीन दिवसांचं भरलं. तीनही नाही, चारही नाही, साडेतीनच का, असं वायरमनने विचारलं. चौथ्या दिवशी दुपारपासून साफसफाई, असं उत्तर मिळालं. प्रत्यक्षात काम एकोणतीस दिवस चाललं. साफसफाई अजून चालू आहे. परवाच साखरेच्या डब्याच्या तळाशी चुना निघाला.

मिलिमीटरराव हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे, हे सांगायला नको. पाणीपुरवठा खात्याच्या नकाशा विभागात त्यांनी एकतीस वर्षं आरेखक म्हणून काढली आणि त्यातली निदान वीस दुसऱ्यांच्या नकाशातल्या चुका काढण्यात घालवली. सहकाऱ्यांनी हे नाव पाठीमागे ठेवलं होतं. निरोपसमारंभात एका वक्त्याच्या तोंडून ते माइकवर निसटलं, टाळ्या पडल्या आणि नाव अधिकृत झालं. त्याला आता तीन महिने होत आले होते.

त्यांच्या पत्नीला सगळी गल्ली 'शिवणाच्या बाई' म्हणते, म्हणून आपणही बाईच म्हणू. बाईंनी पायाचं मशीन काढून मोटारीचं घेतलं, सोबत वाफेची इस्त्री आणि मान वाकवता येणारा दिवा घेतला. वस्तू तीन आणि मागच्या खोलीत सॉकेट एक. तेही दाराजवळ, खांद्याच्या उंचीवर. घर बांधणाऱ्याच्या मते वीज ही उभ्याउभ्या वापरायची चीज असावी. मग स्वयंपाकघरातून एक्स्टेन्शन बोर्ड निघाला, बोळातून वायर गेली आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला अडखळून मगच आत येऊ लागला. इस्त्री तापली की दिवा मंदावायचा. दिवा नीट लागला की फ्रिज रुसायचा.

त्यात बँडपथकाची ऑर्डर आली. छत्तीस लाल कोट, प्रत्येकाच्या खांद्यावर सोनेरी गोंडे. बसथांब्याजवळ एक गाळा रिकामा झाला होता आणि त्याच्या भिंतीभर सॉकेट होती. गाळेवाला महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता. बाईंनी जेवताना शांतपणे सांगितलं की इथे जमलं तर ठीक, नाहीतर तीस तारखेला त्या गाळ्याला होकार देणार.

मिलिमीटररावांनी हातातला घास ताटात परत ठेवला. नव्वद दिवसांत त्यांची घरातल्या दुपारशी जी ओळख झाली होती, ती काही चांगली नव्हती. बारा वाजून गेले की घड्याळ पुढे सरकायलाच तयार नसे. त्या दुपारीत मागच्या खोलीतून येणारा मशीनचा आवाज तेवढा माणसात असल्यासारखा वाटे. तो आवाज उचलून बसथांब्यावर नेऊन ठेवायचा? पण असं काही बोलून दाखवण्याची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती. "घरची खोली असताना गाळा कशाला?" एवढंच ते म्हणाले आणि पाणी पिऊन, टेप घेऊन भिंतीकडे गेले.

भिंत जुनी होती. मागची खोली आणि झोपायची खोली यांच्यामध्ये लाकडी पट्ट्या ठोकून त्यांवर दोन्ही बाजूंनी चुन्याचा गिलावा केलेला होता आणि मधे चार बोटं पोकळी होती. वायरमनने बोटाच्या पेराने ती चार ठिकाणी वाजवली, कान लावला आणि डॉक्टर नातेवाइकांकडे बघतो तसं बघितलं. म्हणाला, साहेब, ही भिंत सिमेंटची नाही, हिला हात लावला तर ढेकूळ हातात येतं. करू आपण, पण सावकाश, आणि आधी वीज कचेरीची परवानगी आणा, जुन्या घरात नवे पॉइंट काढायचे तर नकाशा लागतो.

नकाशा लागतो, हे ऐकून मिलिमीटररावांना जो आनंद झाला तो त्यांनी लपवला. नकाशाच लागत असेल तर काम झाल्यातच जमा होतं.

दोन दिवस राबून त्यांनी ट्रेसिंग पेपरवर भिंतीचा नकाशा केला. विसास एक प्रमाण, काळी शाई, पट्ट्यांच्या फटीसुद्धा तुटक रेघेने दाखवलेल्या. वीज कचेरीतल्या कारकुनाने तो उजेडाकडे धरला, बराच वेळ बघितला आणि छान आहे म्हणाला. मिलिमीटररावांनी मान लववली. मग कारकून म्हणाला की हा चालणार नाही, शंभरास एक पाहिजे. त्या प्रमाणात सॉकेट म्हणजे टाचणीचं टोकही नाही, ते दिसणार कसं, असं मिलिमीटररावांनी विचारलं. दिसायची गरज नाही, जोडायची गरज आहे, असं कारकुनाने सांगितलं. शंभरास एक नेला तर तीन प्रती हव्या निघाल्या. तीन प्रती नेल्या तर त्यांवर मान्यताप्राप्त आरेखकाचा शिक्का नव्हता. मिलिमीटररावांनी आपला शिक्का काढला. कारकुनाने तो उलटून बघितला आणि विचारलं, "चालू आहात?"

एकतीस वर्षांत या माणसाला कोणी असं विचारलं नव्हतं. ते निवृत्त झालेत हे समजल्यावर कारकुनाने शिक्का अतिशय आदराने परत दिला. शेवटी एका चालू आरेखकाने, जो मिलिमीटररावांच्याच हाताखाली पट्टी धरायला शिकला होता, बसल्या जागी न बघता शिक्का मारला आणि चहा पाजला. मिलिमीटररावांनी चहा अर्धाच ठेवला. अर्ज दाखल झाला. निरीक्षक येऊन बघतील, असं कळलं. कधी येतील हे निरीक्षकांनाच ठाऊक होतं. यात अठरा दिवस गेले.

या अठरा दिवसांत शेजारच्या निवृत्त स्टेशनमास्तरांनी एकूण बारा सल्ले दिले. गिलाव्यावर आधी ओला स्पंज फिरवा. फिरवू नका, चुना पाणी पितो आणि फुगतो. चिकटपट्टी लावून मग भोक पाडा. पट्टी काढताना गिलावा येतो, तेव्हा लावू नका. असे पहिल्या अकरांपैकी दहा सल्ले दोन-दोनच्या जोड्यांनी एकमेकांना खाऊन गेले, आणि एक विजोड उरला तो त्यांच्या साडूच्या घराविषयी होता. बारावा मात्र त्यांनी ड्रिल मशीन उसनं देताना दिला. हातभर लांब पातं होतं त्याचं. ते म्हणाले, "राव, एवढं ध्यानात ठेवा. पलीकडे काय आहे ते बघितल्याशिवाय गाडी सोडायची नाही." मिलिमीटररावांनी मान डोलावली. आधीच्या अकरांनी त्यांचे कान इतके भरले होते की बाराव्याला जागाच नव्हती.

ड्रिल आणलं याचं कारण असं, की महिनाअखेर अकरा दिवसांवर आली होती आणि वायरमन कागद हातात पडल्याशिवाय हात लावायला तयार नव्हता. मिलिमीटररावांनी विचार केला की परवानगी विजेच्या कामाला लागते. भोक हे विजेचं काम नाही. भोक म्हणजे नुसतं भोक. निरीक्षक येतील तेव्हा डब्या बसवायच्या तेवढ्या राहतील. हा युक्तिवाद त्यांना इतका पटला की तो त्यांनी दुसऱ्या कोणाला ऐकवलाच नाही.

त्या दिवशी जेवण झाल्यावर बाई जरा बाहेर जाऊन येते म्हणून गेल्या. खोली आधीच मोकळी केलेली होती. मशीन, टेबल, कापडाचे तागे सगळं स्वयंपाकघरात होतं. मिलिमीटररावांनी पहिला, विसास एकवाला नकाशा भिंतीवर चिकटवला, कोपऱ्यांपासून मापं घेतली आणि तीन खुणा केल्या. नकाशावर एकही अक्षर नव्हतं. नाव, तारीख आणि प्रमाण काम पुरं झाल्यावरच घालायचं, हा त्यांचा नियम होता.

आता ट्रेसिंग पेपरचा एक गुण असा, की तो दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. अक्षर नसेल तर सुलटा कुठला आणि उलटा कुठला हे कागद आपण होऊन सांगत नाही. मिलिमीटररावांनी तो उलटा लावला होता. सॉकेट यायला हवी होती उजवीकडे, खिडकीच्या बाजूला, उजेडात. खुणा झाल्या डावीकडे, अंधाऱ्या कोपऱ्यात.

त्यांना शंका आली नाही असं नाही. खिडकीपासून हे जरा लांबच वाटतंय, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण शंका डोक्यात होती आणि माप कागदावर होतं. जागेवर काम करणारे लोक आयुष्यभर त्यांच्याकडे येऊन म्हणत, साहेब, तिथे तर झाड आहे, तिथे तर विहीर आहे; आणि ते म्हणत, जागेवर काय आहे ते मला सांगू नका, नकाशात काय आहे ते सांगा. त्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांचं ऐकायचं म्हणजे सगळी नोकरी रद्द केल्यासारखंच होतं. त्यांनी पुन्हा मोजलं. माप मिलिमीटरनेही चुकत नव्हतं. एवढं अचूक माप चुकीच्या जागी आजवर कोणी घेतलं नसेल.

पहिल्या भोकाला पातं टेकताच ताटलीएवढा गिलावा खाली आला. ते बघायला वाकले तर कमरेची स्टीलची टेप हुकातून सुटून उघड्या पट्ट्यांच्या फटीतून आत गेली, आणि पोकळीच्या तळाशी जाऊन वाजली. ती टेप नोकरीच्या पहिल्या वर्षातली होती. मिलिमीटरराव क्षणभर टोपी काढल्यासारखे स्तब्ध उभे राहिले. मग त्यांना राग आला आणि रागाच्या भरात त्यांनी ड्रिल पुन्हा लावून जोर दिला.

पातं पट्टीतून गेलं, पोकळीतून गेलं, पलीकडची पट्टी, पलीकडचा गिलावा आणि मग एकदम मऊ लागलं. भिंत मऊ कशी, असं वाटून त्यांनी आणखी जोर दिला. ड्रिल घुरघुरलं, जळका वास आला आणि ते थांबलं. त्यांनी ते उलटं फिरवून बाहेर ओढलं. पात्याला गुंडाळून भिंतीतून सोनेरी दोरी येऊ लागली. हातभर आली, दोन हात आली.

जुनं घर, पोकळ भिंत, सोनेरी दोरी. लपवून ठेवण्याची आणि पूर्वजांची जी काही माहिती मिलिमीटररावांना होती ती सगळी तीन सेकंदांत त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. चौथ्या सेकंदाला दोरीच्या टोकाला गोंडा आला, आणि गोंड्याला लाल कापडाचा तुकडा.

भिंतीच्या पलीकडे, झोपायच्या खोलीत, चुन्याची धूळ बसू नये म्हणून बाईंनी पूर्ण झालेले चौदा कोट खुंट्यांवर टांगून वर जुनी चादर घातली होती. पलीकडे जाऊन त्यांनी चादर उचलली. तीन कोटांना पाठीत भोक पडलं होतं, तिन्हींना एकाच उंचीवर. चौथ्याचा खांदा उघडा पडला होता. भिंतीतून गिलाव्याचा मोठा पोपडा निघून, पट्ट्या फुटून, मूठ जाईल एवढी आरपार खिडकी झाली होती, आणि पलीकडून एका कोपऱ्याला सुटून तिच्यावर लोंबलेला नकाशा व्यवस्थित दिसत होता. या बाजूने तो सुलटा दिसत होता. तेव्हा त्यांना सगळं कळलं.

दरवाजा वाजला आणि बाई परत आल्याचं समजलं. मिलिमीटररावांनी जे केलं त्याचं समर्थन करता येणार नाही. ते मागच्या खोलीत गेले, लोंबता नकाशा ओढून काढला आणि दार लावून घेतलं.

बाई झोपायच्या खोलीत गेल्या. चादर सरकल्याचा आवाज आला. त्यानंतर जी शांतता पसरली तिच्यात मिलिमीटररावांना भांड्यांची आदळआपट, रडणं, माहेरी जाणं हे सगळं ऐकू येईल असं वाटत होतं. पण आला तो फोनचे आकडे दाबल्याचा आवाज. बाईंनी बहिणीला फोन लावला होता. भिंतीला नवीनच खिडकी पडलेली असल्याने शब्द न् शब्द इकडे येत होता. मिलिमीटरराव भिंतीपलीकडेच आहेत याची बाईंना कल्पना नव्हती.

आधी कोटांचं झालं. तीन पाठी नव्याने शिवाव्या लागतील, चार दिवस जातील, असं बाई हिशेबाने सांगत होत्या. मग बहिणीने काहीतरी विचारलं असावं. बाई म्हणाल्या की आत्ता गाळाच बघून आले, उजेड चांगला आहे, तीस तारखेला होय सांगणार. ठरवलं तर पहिल्याच आठवड्यात होतं. मग म्हणाल्या, "त्यांना सांगितलं नाही गं. सॉकेटच्या नादाने निदान दिवसभर दुसऱ्या खोलीत तरी असतात."

मिलिमीटरराव खाली पडलेल्या गिलाव्यावर बसले. अठरा दिवस, वीज कचेरी, शंभरास एक, तो शिक्का, तो चहा. म्हणजे हे सगळं त्यांना खेळायला दिलेलं होतं. फोन ठेवल्याचा आवाज आला. आता खोकावं की गप्प राहावं याचा त्यांनी विचार केला, आणि विचार पुरा व्हायच्या आत बोलून गेले.

"गाळा घेऊ नकोस."

पलीकडे काहीतरी खाली पडलं.

"कुठून बोलताय तुम्ही?"

"भिंतीतून."

बाई भोकाशी आल्या. एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. बाईंना त्यांचा एक कान दिसत होता आणि त्यांना बाईंच्या गळ्यातली मोजपट्टी. मिलिमीटरराव घाईघाईने म्हणाले की सॉकेट होतील, नकाशा उलटा लागला होता, आता सुलटा लावतो, निरीक्षक आले की आठवड्यात तिन्ही चालू.

"अहो, सॉकेटचा काही संबंध नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही मागे उभे राहता. तीन महिने झाले. मी टाका घालते आणि तुम्ही मागे उभे राहून श्वास घेता."

"श्वासही घ्यायचा नाही का?"

"घ्या की. दुसऱ्या खोलीत घ्या."

मागे उभं राहून आपण शिवण सरळ चाललीय का बघतो, कधी बोट दाखवतो, एकदा पट्टीही लावली होती, हे मिलिमीटररावांना आठवलं. त्यांना ती मदत वाटत होती. ज्या कनिष्ठ आरेखकांच्या मागे ते वीस वर्षं असेच उभे राहिले होते त्यांचे चेहरे त्यांना आठवायला लागले, तेव्हा त्यांनी ते थांबवलं. नाक मुठीत धरून बसल्यासारखा त्यांचा आवाज झाला.

"तू गेलीस की दिवसभर घरात कोणीच नसतं गं."

बाईंनी उत्तर दिलं. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"मी होते ना घरात एकतीस वर्षं. तेव्हाही कोणी नसायचं."

हे माप मिलिमीटररावांनी कधी घेतलं नव्हतं. सकाळी नऊला डबा घेऊन निघालेला माणूस संध्याकाळी घर जसं सोडलं होतं तसंच सापडलं की समाधान मानतो. मधल्या वेळात तिथे दुपारही होत असते हे त्याच्या नकाशात नसतं. मागच्या खोलीत मशीन कधी आलं, कशासाठी आलं, हे त्यांनी विचारलं होतं का? विचारलं असेल. उत्तर ऐकल्याचं मात्र आठवेना.

अधूनमधून गिलाव्याचा एखादा खडा पोकळीत पडत होता. मग मिलिमीटरराव म्हणाले की गाळा चांगला असेल तर घे, उजेड चांगला आहे म्हणतेस तर घेच.

"खोली काय वाईट आहे?" बाई म्हणाल्या. "नऊ ते पाच इकडे फिरकायचं नाही. बोलायचं नाही. बघायचं तर मुळीच नाही. जमेल?"

"जमेल."

"लिहून द्या."

त्यांनी लिहून दिलं. तारीख घातली.

निरीक्षक पंचविसाव्या दिवशी आले. तीन सॉकेटची जागा त्यांनी दोन मिनिटांत बघितली आणि आरपार भोकासमोर दहा मिनिटं उभे राहिले. शेऱ्यात त्यांनी लिहिलं, 'भिंतीस एक अनधिकृत छिद्र आढळले, प्रयोजन समजले नाही.' तरी कागद मिळाला. वायरमन एकोणतिसाव्या दिवशी आला, भिंत पेराने वाजवली, नकाशाकडे ढुंकूनही बघितलं नाही आणि सव्वा तासात खिडकीजवळ तीन सॉकेट बसवून मोकळा झाला. मधलं सॉकेट बाजूच्या दोन्हींपेक्षा चार मिलिमीटर खाली आलं. मिलिमीटररावांना ते दारातूनच दिसलं. त्यांच्या हाताची बोटं वळली, ओठ उघडले; पण घड्याळात नऊला पाचच कमी होती, तेवढ्यात सांगून होणार नव्हतं, म्हणून त्यांनी ते परत मिटले.

वायरमनने जाता जाता विचारलं की त्या भोकात गिलावा भरून देऊ का. बाई म्हणाल्या, राहू दे, त्याचं मी बघते.

नऊ वाजता मागच्या खोलीचं दार लागलं. मिलिमीटरराव झोपायच्या खोलीत खुर्चीवर बसले आणि वर्तमानपत्र उघडलं. मोटार सुरू झाली. ती तिसऱ्या ओळीला जरा अडखळल्यासारखी वाटली. दोऱ्याचा ताण जास्त असणार, एवढंच सांगायला हवं होतं, एकच शब्द. ते उठले, भिंतीशी गेले, वाकले.

भोकात पलीकडून लाल कापडाचा बोळा घट्ट ठोकून बसवलेला होता, खराब झालेल्या कोटाच्या पाठीचा.

ते परत येऊन बसले. वर्तमानपत्र संपलं, मग जाहिराती संपल्या. दुपार झाली, आणि घड्याळ नेहमीच्या ठिकाणी रेंगाळू लागलं. पण भिंतीपलीकडे मशीन चालू होतं, थांबत होतं, पुन्हा चालू होत होतं. एकच्या सुमाराला मोटार बंद झाली. भिंतीत खसखसल्यासारखं झालं, लाल बोळा आत ओढला गेला आणि त्या जागी बाईंचा आवाज आला.

"पानं घ्या. येतेच मी."

मिलिमीटरराव लगबगीने उठले. "आत बघितलेलं नाही हं मी," त्यांनी भोकाला सांगितलं.

"माहीत आहे," भोक म्हणालं. "श्वास ऐकू येत होता."